सदाफुलेची तीस षटकं

सूर्यभान सदाफुलेची बॅटिंग बघायला कुणी चार पावलंसुद्धा चालत आलं नसतं, हे आधीच सांगून टाकतो. मी सहा वर्षं त्याच्याबरोबर खेळलो, कितीदा तरी पलीकडच्या टोकाला उभं राहून त्याचा खेळ बघितला. चेंडू त्याच्या बॅटवर आला की तिथंच मरायचा. पायाशी पडायचा आणि बॉलर पुढं येऊन तो उचलून न्यायचा. तासभर झाला तरी त्याच्या नावावर आठ धावा, आणि तासभर झाला तरी तो उभाच. आमच्या खात्यात त्याला सगळे ‘ठुकठुक’ म्हणायचे. तोंडावर म्हणायचे, त्यालाही काही वाटायचं नाही.

आणि ह्याच माणसानं नगरजवळच्या नागापूरच्या औद्योगिक वसाहतीत तीस षटकांचा, एका दिवसात निकाल लावणारा खेळ आणला. भांडून आणला. का आणला, ते सांगतो.

आम्ही दोघं एकाच कारखान्यात होतो. पंपाचे भाग बनायचे तिथं. तो लेथवर, मी शेजारच्या मिलिंग मशीनवर. नाव माझं सहादेव, आणि टीममध्ये काम यष्टीमागचं. सूर्यभान जामखेडकडचा. वय सव्वीस-सत्तावीस, अंगानं काटक, बोलायला लागला की मशीनच्या आवाजावर आवाज चढवणारा. त्याच्या वडिलांनी छप्पन साली बुद्धधम्म घेतला होता आणि त्या दिवसापासून ते गावात कुणापुढं पागोटं काढून उभे राहिले नव्हते. पोराला त्यांनी आयटीआयला नगरला धाडलं. तिथल्या एका शिक्षकाला क्रिकेटचं वेड. काथ्याच्या चटईवर त्यानं सूर्यभानला एकच गोष्ट दोन वर्षं शिकवली, ती म्हणजे आऊट व्हायचं नाही.

बाहत्तरच्या डिसेंबरात शहरातल्या एका जिमखान्याला एक खेळाडू कमी पडला. जिमखान्याचं नाव मुद्दामच घेत नाही. त्याचे चिटणीस देवचक्के वकील. पन्नाशीचे, पांढरीशुभ्र पँट, हातात छत्री. कॉलेजात असताना म्हणे त्यांनी एकदा पूर्ण दिवस बॅटिंग केली होती. पुण्याचा एक संघ दोन दिवसांचा सामना खेळायला यायचा होता, महिन्याचा शेवटचा रविवार आणि लगेचचा सोमवार. देवचक्क्यांनी सूर्यभानला कुठंतरी खेळताना पाहिलं होतं. त्यांनी निरोप धाडला.

सूर्यभान त्यांच्या घरी गेला आणि सरळ म्हणाला, “साहेब, रविवार माझा हाय. सोमवारी मला सकाळची पाळी हाय.”

“मॅनेजर माझ्या ओळखीचे आहेत,” वकील म्हणाले. “मी बोलतो त्यांच्याशी. तू काळजी करू नकोस.”

रविवारी पुण्याचा संघ एकशे अठ्ठ्याऐंशीत आटोपला. जेवणाच्या सुट्टीत जिमखान्याची पंगत आत बसली. सूर्यभान डबा घेऊन कडुलिंबाखाली बसला. त्याला कुणी बोलावलं नाही, त्यानंही विचारलं नाही. दुपारी जिमखान्याचे चार गडी एकसष्टला गेले तेव्हा तो आत गेला. मी बघायला गेलो होतो. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की ठुकठुक हीसुद्धा बघण्यासारखी गोष्ट असते. पुण्याचा एक उंच बॉलर दिवसभर सगळ्यांना नाचवत होता. सूर्यभाननं त्याला दीड तास नुसतं थोपवून धरलं. शेवटी तो बॉलर दमून कमरेवर हात ठेवून उभा राहिला आणि हसायला लागला. दिवस संपला तेव्हा पाच बाद सत्त्याण्णव. सूर्यभान नाबाद सतरा.

सोमवारी सकाळी तो कामावर आला. मॅनेजरच्या केबिनमध्ये गेला, तर त्यांना कुणी काही बोललेलंच नव्हतं. “सदाफुले, महिन्याचा पहिला दिवस आहे, माल जायचाय. मॅच कसली?” असं म्हणून त्यांनी त्याला परत लेथवर धाडलं.

बाराला डब्याची सुट्टी झाली, अर्ध्या तासाची. सूर्यभाननं डबा उघडला नाही. सायकल काढली, सीनेच्या पुलावरनं मनमाड रस्त्यानं शहराकडं सुटला. सात-आठ किलोमीटर. तो कसा गेला असेल ते त्यालाच माहीत. पोचला तेव्हा शर्ट अंगाला चिकटलेला आणि मैदानावर पुण्याचा दुसरा डाव चालू. जिमखान्याचा डाव अकराच्या आतच संपला होता. फळ्यावर त्याच्या नावापुढं खडूनं लिहिलं होतं, सतरा, गैरहजर.

तो देवचक्क्यांपुढं उभा राहिला. “साहेब, तुमी बोलनार हुता.”

“अरे हो,” वकील म्हणाले, “राहिलंच.” मग म्हणाले, “हे बघ सदाफुले, वाईट वाटून घेऊ नकोस. क्रिकेट हा सवडीचा खेळ आहे. ज्याला सवड आहे त्यानं खेळावा.”

“मग आमी आमच्या सवडीत खेळू,” सूर्यभान म्हणाला. “आमची सवड एक दिवसाची हाय. एका दिवसातच खेळू, आन एका दिवसातच निकाल लावू.”

तो परत आला तेव्हा सुट्टी संपून वीस मिनिटं झाली होती. टाइम ऑफिसनं अर्धा दिवस गैरहजर मांडला. एकाच दिवसात दोन ठिकाणी गैरहजर लागलेला नगर जिल्ह्यातला तो एकटाच माणूस असेल.

त्या आठवड्यात कलकत्त्याला इंग्लंडबरोबर कसोटी चालू होती. गुरुवारी आपण ती अठ्ठावीस धावांनी जिंकली. खात्यात ट्रान्झिस्टर होता, डब्याच्या सुट्टीत सगळे त्याच्याभोवती गोळा. मी हरखून गेलो होतो. म्हटलं, “सूर्या, बघ! पाच दिवस खेळले आणि फरक किती, तर अठ्ठावीस धावांचा. तुझ्या त्या एका दिवसाच्या खेळात ही मजा कुठून आणशील?” विलायतेत षटकं मोजून एका दिवसाचे सामने खेळतात अशी बातमी त्यानं पेपरातून कापून पाकिटात ठेवली होती आणि आठवडाभर ती ज्याला त्याला दाखवत होता, म्हणून मी हे बोललो.

सूर्यभाननं भाकरीचा तुकडा मोडला. “तो खेळ मोठाच हाय. मी कुठं न्हाई म्हनलं? मला तर तोच येतो. पर सहादू, तू त्यातला किती ऐकलास?”

“का? रोज ऐकला की.”

“रोज अर्धा तास. बारा ते साडेबारा. त्यातबी मधी बातम्या. पाच दिवसांच्या खेळातलं आपल्या वाट्याला एवढंच येतंय. बाकीचं कुनीतरी सांगनार, आन आपुन ‘काय मजा आली’ म्हनायचं. ती मजा आपली न्हाई. आयकीव हाय.”

पॅकिंगमधला मच्छिंद्र तिथंच बसला होता. जेऊरचा गडी, खांदे पहिलवानाचे. चेंडू दिसला की तो मारायचा, दिसला नाही तरी मारायचा. तो म्हणाला, “मला तर एकच कळतं. जत्रंत कुस्ती निकाली लागली तर फेटं उडत्यात. दोन तास धरून पंचानं बरोबरीत सोडवली तर लोक उठून शिव्या देत्यात. तुमचं ते क्रिकेट निम्म्या वेळंला सोडवल्यालंच असतंय.”

फेब्रुवारीत मुंबईची कसोटी पाच दिवस चालून बरोबरीत सुटली तेव्हा मच्छिंद्र मशीनमशीनला फिरून सांगत होता, “सोडवली! पाच दिवसांनी सोडवली!” मला राग आला होता.

तोवर सूर्यभाननं काम सुरू केलं होतं. वसाहतीत तेव्हा कारखाने थोडे आणि मोकळे प्लॉट जास्त. एका प्लॉटवरचे गोटे आणि बाभळीची झुडपं आम्ही रविवारी-रविवारी काढली. दुष्काळाचं साल, प्यायला पाणी नव्हतं तिथं मैदानाला कुठलं? गवताची काडी नाही. मुरूम अंथरून बोल्हेगावातून मागून आणलेला दगडी रूळ त्यावर फिरवला आणि वर काथ्याची चटई ठोकली. सहा कारखान्यांचे सहा संघ तयार झाले. नियम सूर्यभाननं स्वतः लिहिले. दोन्ही संघांना तीस-तीस षटकं, एका बॉलरला सहाच. सकाळी साडेसातला सुरू, उन्हं चढायच्या आत दुसरा डाव, आणि निकाल त्याच दिवशी.

जिमखान्यालाही बोलवायचं त्याच्या मनात होतं. मी म्हटलं, “कशाला? ज्यानं तुला असं वागवलं त्याच्या दारात परत?”

“दारात न्हाई. त्येला आपल्या दारात बोलवायला चाललोय.”

आम्ही दोघं देवचक्क्यांच्या ऑफिसात गेलो. त्यांनी सूर्यभानचा नियमांचा कागद चष्मा लावून पूर्ण वाचला, हे मात्र मी सांगेन. मग कागद खाली ठेवला आणि म्हणाले, “सदाफुले, तू खेळ जाणणारा आहेस म्हणून तुला सांगतो. मोठ्या सामन्यात बॉलर पहिल्या दिवशी पेरतो ते चौथ्या दिवशी उगवतं. फलंदाजाचा धीर, त्याचा कंटाळा, खेळपट्टीचं फुटणं, सगळं हळूहळू वर येतं. त्यात गंमत आहे. तीस षटकांत काय उगवणार? मेथी?”

“मेथी तर मेथी,” सूर्यभान म्हणाला. “आमच्या ताटात तर येईल. तुमचा ऊस अठरा महिन्यांचा, आमाला त्याच्या बांधावर बी उभं ऱ्हाऊ देत न्हाईत.”

वकील हसले. खरोखर हसले. मग म्हणाले, “आणि तुझं काय? तू तासाला आठ धावा करणारा. ह्या खेळात पहिला तूच बाहेर बसशील.”

“ते माझं मी बघीन.”

“हा खेळ नाही, तमाशा आहे. आम्ही येणार नाही.”

“तमाशाला लोक रात रात बसत्यात, साहेब,” सूर्यभान उठता उठता म्हणाला. “त्यात वंगाळ काय हाय?”

एप्रिलच्या पहिल्या रविवारी सामने सुरू झाले. खरं सांगायचं तर मला वाटलं होतं, आम्ही बावीस जण आणि दोन कुत्री असू. पण निंबळक, विळद, बोल्हेगाव, सगळीकडून माणसं आली. शेतात काही काम उरलं नव्हतं. पहिल्या दिवशी शंभरेक असतील, दुसऱ्या रविवारी चारशे. त्यांना क्रिकेटचं काही कळत नव्हतं, पण एक गोष्ट लगेच कळली. समोरच्यांनी एवढ्या धावा केल्यात, आपल्याला तेवढ्या करायच्यात, आणि एवढेच चेंडू उरलेत. एक म्हातारा बांधावर बसून प्रत्येक षटकाला एक खडा बाजूला ठेवायचा आणि ओरडून सांगायचा, “आता नऊच ऱ्हायल्यात रं!” मग सगळा बांध उठून उभा.

सूर्यभानची बायको मुक्ताबाई शेजारणींना घेऊन यायची. तिनं ह्याआधी नवऱ्याचा एकही सामना बघितला नव्हता. दुसऱ्या रविवारी ती मला म्हणाली, “भावजी, खेळ ब्येस हाय. निकाल लागंपतुर भाकरीबी वाळत न्हाई. फकस्त ह्यास्नी तेवढं खेळाया धाडू नगा.”

सूर्यभान शेजारीच होता. “मी कप्तान हाय,” तो म्हणाला.

“म्हनूनच म्हनते,” मुक्ताबाई म्हणाली.

आम्ही स्पर्धा जिंकली, पण सूर्यभानमुळे नाही. तो तळाला खेळायला जायचा आणि त्याची पाळी यायच्या आत मच्छिंद्र काम उरकायचा. जिमखान्याची तरणी पोरं मात्र शेवटच्या दोन सामन्यांना सायकली घेऊन येऊन बसली होती. त्यांनी चिटणिसांमागं भुणभुण लावली. शेवटी देवचक्क्यांचा निरोप आला, की एप्रिलच्या शेवटच्या रविवारी आमचा संघ येईल, तुमच्या विजेत्यांशी एकच सामना खेळेल, आणि क्रिकेट कशाला म्हणतात ते दाखवून जाईल.

त्या दिवशी सातशेच्या वर माणूस होतं. देवचक्के छत्री उघडून खुर्चीवर बसले होते. जिमखान्यानं तीस षटकांत एकशे सव्वीस केल्या. आमच्या संघासमोर चांगले बॉलर होते, म्हणून सूर्यभाननं ठरवलं की नवा चेंडू आपण खेळून काढायचा. तो सलामीला गेला. एक गडी लवकर बाद झाला आणि मी त्याच्या जोडीला गेलो.

चेंडू जुना होईपर्यंत विकेट टिकवायच्या, हा त्याचा हिशेब दोन दिवसांच्या खेळातला होता. अकरा षटकं झाली. धावा सत्तावीस. त्यातल्या सूर्यभानच्या सहा. बांधावरचा म्हातारा खडे मोजून ओरडायला लागला, “एकोणीसच ऱ्हायल्यात, एकोणीस!” कुणीतरी “ए ठुकठुक, घरी जा!” म्हणून ओरडलं. आणि मग देवचक्क्यांचा कोर्टात कमावलेला आवाज आला, सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असा.

“सदाफुले, हाच का तुमचा एका दिवसाचा खेळ? ह्याला तर दोन दिवस लागतील!”

सातशे माणसं हसली. मीही ओठ दाबून धरले होते.

सूर्यभाननं पुढचा चेंडू शांतपणे थोपवला. षटक संपलं. मग तो बॅट काखेत मारून अंपायरकडं गेला. अंपायर म्हणजे शहरातल्या शाळेतले एक मास्तर होते.

“मी डाव सोडतो,” तो म्हणाला.

“लागलं का कुठं?”

“न्हाई. माझा खेळ इथं बसत न्हाई. म्होरच्याला येऊ द्या.”

मास्तर घोटाळले. “असं गेलास तर परत यायला समोरच्या कप्तानाची संमती लागेल, सदाफुले.”

“मी परत येत न्हाई.”

तो माझ्याजवळून गेला तेव्हा मी म्हटलं, “सूर्या, वेडा आहेस का? त्यांनी हसावं म्हणूनच बोलले ते.”

“हसू दे. खरं बोलला तो. मी इथं वीस चेंडू आनखी खाल्ले तर ह्या खेळाचं वाटोळं मीच करीन.” मग बांधाकडं वळून तो ओरडला, “मच्छिंद्र! ये रं!” देवचक्क्यांच्या खुर्चीसमोरून जाताना तो थांबला. सगळ्यांना ऐकू येईल असं म्हणाला, “साहेब, म्या हा खेळ माझ्यासाठी मागितला नव्हता.”

वकिलांनी छत्री नीट धरली.

त्यानंतर जे झालं ते अजून निंबळकचे लोक सांगतात. मच्छिंद्रनं पहिलाच चेंडू बाभळीत घातला. दुसऱ्या षटकात एक चेंडू मनमाड रस्त्यावर गेला आणि एका ट्रकवाल्यानं उतरून तो आणून दिला, आणि तोही मग उभा राहून बघत बसला. मच्छिंद्रनं चव्वेचाळीस काढल्या. मी एकोणिसावर गेलो, मग मच्छिंद्र गेला, मग भराभर. अठ्ठाविसावं षटक संपता संपता आमचा आणखी एक गडी बाद झाला. धावा एकशे वीस. जिंकायला सात हव्या होत्या, दोन षटकं शिल्लक होती, आणि एका टोकाला आमचा गडी उभा, पण त्याच्या जोडीला जायला सूर्यभानशिवाय कुणी उरलं नव्हतं.

जिमखान्याचा कप्तान हा कॉलेजातला पोरगा, मनानं चांगला. त्यानं हात वर केला. “सदाफुले, या! आमची हरकत नाही.”

देवचक्केही उठले. “येऊ द्या, येऊ द्या. आम्ही परवानगी देतो.”

सूर्यभाननं पॅड कधीच सोडले होते. पायात चपला होत्या. मच्छिंद्र पॅड घेऊन त्याच्यापुढं आला. “बांध लवकर. सातच तर पायजेत.”

“मी डाव सोडलाय.”

“आरं ते देत्यात ना परवानगी!”

“म्हनून तर न्हाई,” सूर्यभान म्हणाला. तो उठला आणि मैदानाकडं तोंड करून त्यानं दोन्ही हात जोडले. “मास्तर, आमचा डाव संपला. तुमी जिंकला.”

आम्ही सहा धावांनी हरलो.

मच्छिंद्रनं पॅड जमिनीवर आपटले. मी तर सूर्यभानशी बोललोच नाही. चार दिवस शेजारशेजारच्या मशीनवर असून आम्ही एकमेकांकडं बघितलं नाही. पाचव्या दिवशी पाळी सुटल्यावर तोच सायकल घेऊन माझ्या बरोबरीनं आला.

“सहादू, माझ्या आज्याला पाटलाला इचारल्याबिगर चावडीम्होरनं जाता येत नव्हतं. बापानं ते इचारनं बंद केलं. पोटाला चिमटा काढला पर बंद केलं. आन मी सात धावांसाठी परवानगी घिऊ?”

“पण तो क्रिकेटचा नियम आहे रे. त्यात कमीपणा नव्हता. तो पोरगा मनापासून बोलवत होता.”

“आसंल.”

“दहा जण खेळत होते तुझ्याबरोबर. त्यांचं काय?”

त्यानं सायकलचा वेग कमी केला. “त्यांच्या बाबतीत मात्र माझं चुकलंच,” म्हणाला. “पर परत तशी येळ आली तरी मी जानार न्हाई.”

आज इतकी वर्षं झाली, मला अजून वाटतं की त्यानं जायला हवं होतं. मच्छिंद्रला तर अजून खात्रीच आहे की सूर्यभान गेला असता तरी सात धावा झाल्याच नसत्या.

पण त्या सामन्याचं एक झालं. आठ दिवसांनी जिमखान्याचा तो तरुण कप्तान आमच्या कारखान्याच्या गेटवर येऊन उभा राहिला. पुढच्या वर्षी स्पर्धेत त्यांचं नाव घालायचं होतं.

“घालू की,” सूर्यभान म्हणाला. “एक अट हाय. आमी एका दिवसाचा खेळ मांडला, त्यात तुमी या. तुमचा दोन दिवसांचा खेळ तुमी दोन रविवारी मांडा, त्यात आमी येतो.”

“दोन रविवारी? मधे सहा दिवस ठेवून?”

“का? चटई काय पळून जाती?”

देवचक्क्यांनी ह्याला कडाडून विरोध केला. डाव मधे आठवडाभर लोणच्यासारखा घालून ठेवणार का, असं ते सभेत म्हणाले. पण त्यांच्याच खेळाडूंतले निम्मे आता नोकरीला लागले होते. सोमवार त्यांनाही जड जात होता. सभेत मतं मोजली आणि वकील हरले. मात्र हरल्यावर त्यांनी स्वतः पत्र लिहून आम्हाला तारखा कळवल्या.

त्र्याहत्तरच्या नोव्हेंबरात जिमखान्याच्या मैदानावर पहिला दोन रविवारांचा सामना झाला. तोवर पाऊस होऊन गेला होता आणि मैदान हिरवं होतं. पहिल्या रविवारी जेवणाला आत पंगत बसली तेव्हा सूर्यभान कुणी बोलवायची वाट न बघता आत जाऊन मधोमध बसला. आम्हीही त्याच्या दोन्ही बाजूंना बसलो. वाढणारा क्षणभर थांबला, मग त्यानं वाढलं. दिवस संपला तेव्हा सूर्यभान नाबाद बावीस होता.

मग तो आठवडाभर नाबाद राहिला. लेथवर काम करताना नाबाद, रेशनच्या रांगेत नाबाद. येणारा-जाणारा विचारायचा, “काय सदाफुले, अजून आहेस?” फोरमननं तर शनिवारी त्याला जड जॉब दिला नाही, म्हणाला, हात सांभाळ. सूर्यभान त्या सहा दिवसांत जितका खूष होता तितका मी त्याला कधी बघितला नाही.

दुसऱ्या रविवारी दुसऱ्याच चेंडूवर त्याचा त्रिफळा उडाला.

तो क्षणभर चटईकडं बघत राहिला, मग चालत बाहेर आला. बघायला सत्तर-ऐंशी माणसंच होती, आणि बाराच्या सुमाराला त्यातलीही उठायला लागली. सूर्यभान दोरीच्या कडेकडेनं फिरून त्यांना थोपवायला लागला. “बसा की, खरा खेळ आता हाय.” मुक्ताबाई शेजारणींबरोबर आली होती. तीही पदर सावरत उठली.

“तू कुठं निघालीस?”

“मघापास्नं काय झालं ते सांगा मला.”

“अगं, तो बॉलर मच्छिंद्रला भायेर वढतोय. अर्धा तास झाला. एकबी चेंडू मारन्याजोगा देईना. मच्छिंद्र कसा दम धरतोय बघ.”

“निघाला का भायेर?”

“अजून न्हाई.”

“निघाला की सांगा मग,” असं म्हणून मुक्ताबाई शेजारणींना घेऊन गेली.

तो तिथंच उभा राहिला. पाव तासानं मच्छिंद्रचा दम सुटला, त्यानं बाहेरच्या चेंडूवर बॅट फिरवली आणि स्लिपमध्ये झेल गेला. आपलाच गडी बाद झाला होता, तरी सूर्यभान मांडीवर थाप मारून “वा!” म्हणाला. दहा हातांवर खुर्चीत देवचक्के बसले होते. त्यांच्याही तोंडून नेमकं तेच निघालं होतं. त्यांनी छत्री थोडी मागं केली.

“आलास ना शेवटी आमच्या खेळात, सदाफुले?”

“तुमच्या कशाच्या?” सूर्यभान म्हणाला. “रविवार आमचा हाय, साहेब.” आणि तो पुढच्या गड्याला पॅड बांधायला लागला.